हिरवळीची तहान

घरापुढच्या हिरवळीचे दिसणारे अंग जेमतेम दीड-दोन इंचांचे असते. न दिसणारे वीतभर, कधी हातभर खोल जाते. पाणी, खत आणि कापणी यांचा परिणाम आधी त्या खालच्या अंगावर होतो, आणि वर तो दिसायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर माणसाने आणखी काहीतरी करून ठेवलेले असते. घरगुती लॉनच्या निगेतले बहुतेक घोळ या उशिरातून होतात. पान पिवळे दिसले की पाइप लागतो, आठवडाभर तरतरी येते, मुळे आणखी वर सरकतात आणि पुढच्या उन्हाच्या झळीला तेच गवत पुन्हा मान टाकते. देशावरच्या बंगल्यांतले आणि सोसायट्यांतले लॉन पाण्याविना मरते, असा समज आहे. बहुतेक वेळा ते रोज ओठ ओले करण्याच्या सवयीने खचते. पाणी कमी वेळा पण दर वेळी पोटभर, गवत थोडे उंच, आणि मे महिन्यात थोडा तपकिरी रंग सोसण्याची तयारी, एवढ्यावर इथली हिरवळ वर्षानुवर्षे टिकते. रोज पाणी मारण्याच्या सवयीमागेही एक तर्क आहे, म्हणून हा हिशोब मुळापासून मांडायला हवा.

इथे हिरवळीसाठी जी गवते लावतात त्यांत हरळी पहिली. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच, आणि काळ्या रानात शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या हैराण करणारी हरळीही हीच. शेतात एकदा शिरली की नांगराने तिचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्यातून नवा कोंब उठतो. म्हणून भर उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचायच्या आणि वाळवून जाळायच्या, अशी रीत होती. शहरात त्याच गवताचे गालिचे चौरस फुटाच्या भावाने विकत घेतले जातात. नर्सरीत ‘सिलेक्शन’ नावाने मिळते ती बहुधा हरळीचीच निवडक जात असते. शेतकऱ्याच्या डोकेदुखीचे आणि बंगलेवाल्याच्या सोयीचे कारण एकच आहे: जमिनीखालच्या काशांत साठवलेल्या अन्नावर हे गवत कोरड्यात आठवडेच्या आठवडे तग धरते. वरचे सगळे पान वाळले तरी खाली जीव असतो. ‘कोरियन’ म्हणून मिळणारे मऊ, दाट गवत दिसायला अधिक सुबक. पण वाढीला मंद, आणि एकदा उखडले की भरून यायला फार वेळ घेणारे.

ऊस, मका, ज्वारी आणि हरळी यांची अन्न तयार करण्याची पद्धत एका जातीची आहे. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी उसावर काम करताना तिचा उलगडा केला. तिला सी-४ म्हणतात. अशा वनस्पती कडक उन्हात आणि तिशीपलीकडच्या तापमानात जोमाने वाढतात आणि तेवढीच वाढ करायला गहू-तांदळापेक्षा बरेच कमी पाणी घेतात. इंग्लंडातल्या हिरवळीची गवते या गटातली नाहीत. त्यांना गारवा मानवतो, उन्हाळा जड जातो. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांतले बरेच सल्ले त्या थंड मुलखातल्या गवतांसाठी लिहिलेले असतात. ते तसेच्या तसे पुण्यात किंवा संभाजीनगरात लागू केले, की खताचे महिने उलटे पडतात आणि पाण्याचे माप फसते.

आता पाण्याचा हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांचे लॉन सुमारे ९३ चौरस मीटर भरते. मे महिन्यात देशावर हरळीची हिरवळ पूर्ण हिरवी ठेवायची तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी हवेत उडून जाते असे धरावे. म्हणजे रोजचे ४६५ लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असा आपल्याकडचा शासकीय मापदंड आहे. हजार फुटांची हिरवळ म्हणजे उन्हाळ्यात घरात वाढलेली साडेतीन माणसे. हिवाळ्यात ही गरज निम्म्यावर येते, पावसाळ्यात जवळजवळ संपते.

हा आकडा पाइपाच्या पाण्याशी ताडून पाहावा. बागेचा अर्ध्या इंची पाइप मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी देतो. बादली लावून घड्याळात पाहिले की नेमके कळते. माळी सकाळी दहा मिनिटे पाइप फिरवतो तेव्हा हजार फुटांवर सव्वाशे लिटर पडते. म्हणजे थर सव्वा ते दीड मिलिमीटरचा. पाने चकाकतात, मातीचा वास सुटतो, कडेची फरशी ओली होते, आणि खुरप्याने माती उकरली तर नखभर खाली कोरडी ठणठणीत! हे पाणी मुळांपर्यंत पोचतच नाही. पानांवरून आणि मातीच्या पापुद्र्यावरून दुपारपर्यंत उडून जाते. महिन्याकाठी चार हजार लिटर पाणी खर्चून गवताच्या पदरात फारसे काही पडत नाही. सोसायटीच्या बागेत नेमके उलटे घडते. तिथे जमिनीतून वर येणारे तुषारफवारे टायमरवर लावलेले असतात. असा फवारा तासाला तीस-चाळीस मिलिमीटर पाणी सहज टाकतो, म्हणजे वीस मिनिटांत दहा-तेरा. रोजच्या गरजेच्या दुपटीहून अधिक, तेही पाऊस पडून गेल्यावरसुद्धा, कारण टायमरला आभाळ दिसत नाही. एकीकडे उपाशी, दुसरीकडे अजीर्ण. दोन्हीकडे कुणी मोजलेले नसते, एवढेच साम्य.

मोजणे अवघड मुळीच नाही. सपाट बुडाचे आणि सरळ कडांचे पाच-सहा सारखे डबे लॉनवर जवळ-दूर मांडावेत, फवारा पंधरा मिनिटे चालवावा आणि प्रत्येक डब्यातले पाणी शाळेच्या पट्टीने मोजावे. एका डब्यात ३ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ११ निघाले तर ‘तिकडचा कोपरा सारखा पिवळा का पडतो’ याचे उत्तर तिथेच मिळते. त्या कोपऱ्याला खत नव्हे, फवाऱ्याची तोटी वळवून हवी असते.

पाणी किती हे कळले, तरी किती दिवसांनी हा प्रश्न राहतो, आणि वाद खरा तिथेच आहे. मध्यम पोताच्या चांगल्या मातीत १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत गवताला उचलता येईल असे पाणी ढोबळमानाने २५ मिलिमीटर मावते. त्यातले निम्मे संपेपर्यंत गवताला ताण जाणवत नाही. मुळे १५ सेंटिमीटरवर थांबलेली असतील तर मे महिन्यात हा साठा अडीच दिवस पुरतो. मुळे ३० सेंटिमीटरवर गेली की पाच दिवस. गवत तेच, माती तीच, ऊनही तेच. मुळांच्या खोलीने पाण्याची पाळी दुप्पट लांबते. मुळे खाली जातात ती मात्र वरचा थर अधूनमधून सुकला आणि खाली ओल राहिली तरच. रोज शिंपडले की त्यांना खाली जाण्याचे कारणच उरत नाही, आणि मग खरोखरच रोज पाणी द्यावे लागते. रोज पाणी मारण्यामागचा तर्क असा स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो. दोन दिवस पाणी चुकले, हिरवळ सुकली, म्हणजे तिला रोजच पाणी लागते हे सिद्ध झाले! त्या सिद्धतेमागे आधीच्या दोन वर्षांचे शिंपडणे आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. भिजवण झाली की वाफसा येईपर्यंत तो रानात पाय घालत नाही. मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांच्या मधल्या पोकळीत हवा, अशा त्या अवस्थेतच मुळे श्वास घेतात आणि वाढतात. विदर्भातला संत्र्याचा बागायतदार किंवा नाशिक-सोलापूरचा डाळिंबवाला बहर धरण्यासाठी बागेचे पाणी मुद्दाम तोडून झाडांना ताण देतो. लॉनचा मालक मात्र ताण या शब्दालाच घाबरतो. माळ्याच्या बाजूनेही एक अडचण आहे. महिन्याच्या पगारावर रोज येणाऱ्या माणसाचे काम दिसावे लागते, आणि बागेत सगळ्यात दिसणारे काम म्हणजे हातातला पाइप. ‘आज पाणी द्यायचे नाही’ हे त्याचे ज्ञान असते. पण त्या ज्ञानाचा पगार कुणी देत नाही.

ताण ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. हरळीचा पोपटी रंग जाऊन तिथे निळसर-राखाडी छटा येते. पाने लांबीने घडी घालतात. आणि लॉनवरून चालत गेले की पावलांचे ठसे मागे तसेच राहतात, कारण पानांत उसळून उभे राहण्याइतके पाणी उरलेले नसते. ही खूण आधी उंचवट्यावर आणि तापलेल्या फरशीच्या कडेला दिसते. ती दिसली की दुसऱ्या दिवशी पहाटे पाळी द्यावी. पाणी दिल्यावर तासा-दोन तासांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसून पाहावा. ओल्या मातीत तो लोण्यासारखा जातो आणि कोरड्या थराला अडतो. वीतभर गेला, तर पाळी पुरेशी झाली.

पण सगळीकडची माती अशी सरळ वागत नाही. बंगला बांधताना वरची चांगली माती उकरून नेलेली असते, मागे मुरूम आणि राडारोडा राहतो. त्यावर चार-सहा इंच लाल माती आणि शेणखत पसरून गालिचा अंथरला जातो. त्या गालिच्याखाली चिकणमातीचा पातळ थर चिकटून आलेला असतो, कारण चिकणमातीशिवाय गालिचा उचलताना धरत नाही. असे एकावर एक तीन थर झाले, की पाणी वरच्या बारीक पोताच्या थरातून खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरचा थर पुरता भिजून चिंब झाल्यावरच ते खाली पाझरते. मुळेही त्याच सीमेवर अडतात. दोन-तीन वर्षांच्या रुसलेल्या लॉनचा एखादा त्रिकोणी तुकडा खुरप्याने सोडवून उचलून पाहिला, तर पुष्कळदा गालिचा पोळीसारखा सुटून येतो. खालच्या बाजूला मुळांचा पांढरा जाळीदार पापुद्रा, आणि त्याखाली एकही मूळ न शिरलेला कोरडा मुरूम. हा दोष पाण्याने भरून निघत नाही. गालिचा अंथरण्याआधी खालची जमीन फूटभर खणून, राडारोडा वेचून, पोयटा आणि कुजलेले शेणखत त्यात मिसळून घेणे, एवढाच त्यावरचा खरा इलाज. बसवून गेलेल्या लॉनला मग पावसाळ्याच्या तोंडावर बागेच्या काट्याने चार-चार इंचांवर खोल भोके पाडून त्यांत वाळू-शेणखत झाडून भरावे. दोन-तीन वर्षे हे केले तर थर एकमेकांत मुरतात.

काळ्या मातीत अडचण निराळी. ती पाणी भरपूर धरते, पण पिते सावकाश. तासाला पाच मिलिमीटरपेक्षा वेगाने दिले तर उरलेले वाहून गटारात जाते. तिथे दहा मिनिटे पाणी, अर्धा-पाऊण तास विश्रांती, पुन्हा दहा मिनिटे, असे तीन-चार हप्ते करावे लागतात. मुरमाड, पातळ जमिनीत पाणी पटकन खाली निघून जाते, म्हणून तिथे माप लहान आणि पाळ्या जवळ. मध्यम मातीला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा सतरा-अठरा मिलिमीटर आणि थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा वीस, हा ढोबळ पाया धरून पुढचे प्रत्येकाने पावलांच्या ठशांवरून ठरवावे. बोअरचे पाणी क्षारट असेल तर रोजचे शिंपडणे दुहेरी घातक, कारण पाणी उडून जाते आणि क्षार वरच्या थरात साचत राहतात. अधूनमधूनच्या भरपूर पाळीने ते निदान मुळांखाली उतरतात.

वेळ पहाटेची. दुपारी पाण्याचा बराच भाग वाऱ्यावर आणि उन्हात जातो. भर उन्हात पाणी दिले तर थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, ही समजूत मात्र निराधार आहे. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी प्रयोग आणि गणित दोन्ही करून दाखवले की लव नसलेल्या पानांवर थेंबांमुळे अशी भाजणी होत नाही. संध्याकाळच्या पाण्यावरचा आक्षेप खरा आहे. पाने रात्रभर ओली राहिली की बुरशीला रान मोकळे मिळते आणि लॉनवर गोल तपकिरी चट्टे उमटू लागतात. पहाटे दवाने पाने तशीही ओली असतात, त्यामुळे त्या वेळच्या पाण्याने ओलीचे तास वाढत नाहीत. ज्या गावात पालिकेचे पाणी संध्याकाळीच येते, तिथे ते टाकीत साठवून सकाळी वापरणे हाच मार्ग.

कापणीकडे लोक न्हाव्याच्या कामासारखे पाहतात. जितके बारीक कापू तितके दिवस पुन्हा कापायला नको, असा व्यवहार. पान हे गवताचे स्वयंपाकघर आहे; ते उडवले की मुळांचे जेवण तुटते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले क्रायडर यांनी १९५५ साली निरनिराळ्या गवतांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका वेळी निम्मे किंवा त्याहून अधिक पान कापले, तर मुळांची वाढ कित्येक दिवस पार थांबते, असे त्यांत आढळले. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम याच जातीच्या निरीक्षणांवर उभा आहे. हरळी साधारण तीन ते चार सेंटिमीटरवर ठेवावी; साडेपाच-सहावर गेली की कापावी. उन्हाळ्यात अर्धा-एक सेंटिमीटर आणखी उंच ठेवली तर मातीवर सावली धरते आणि पाणी वाचते. पावसाळ्यात आठवड्याला कापणी लागते, थंडीत तीन-तीन आठवडे यंत्र बाहेर काढावे लागत नाही. इंग्लंडातल्या एडविन बडिंगने १८३० साली गवत कापण्याचे पहिले यंत्र बनवले ते लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. तेव्हापासून आजवर त्या यंत्राचे सगळे यश पात्याच्या धारेवर आहे. बोथट पाते पान कापत नाही, चिंध्या करते. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी सगळे लॉन पांढुरके दिसू लागले तर दोष पाण्याचा नसून पात्याचा. बारीक कातरण लॉनवरच राहू द्यावे. ते चार दिवसांत जिरते आणि त्यातला नत्र मातीला परत मिळतो. पोते भरून ते कचऱ्यात देणे आणि मग दुकानातून खताचे पोते आणणे, हा उद्योग अनाकलनीय आहे.

खताबद्दल थोडक्यात: हजार चौरस फुटांना एका वेळी किलोभरापेक्षा अधिक युरिया नको, तोही वाढीच्या दिवसांत, कोरड्या पानांवर सारखा फेकून लगेच भरपूर पाण्याने उतरवलेला. धुवाधार पावसात तो ओढ्याला जातो. जूनच्या आधी चाळलेले शेणखत, पोयटा आणि वाळू यांचा अर्धा सेंटिमीटर थर पसरणे अधिक टिकाऊ. पिवळेपणाचे एक कारण मात्र सतत चुकीचे वाचले जाते. देशावरच्या पुष्कळ जमिनी चुनखडीयुक्त, बोअरचे पाणीही जड. अशा ठिकाणी मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. पाणी वाढवले की मुळांची हवा तुटते आणि रोग बळावतो. युरिया दिला की नवी पाने येतात, तीही पिवळीच. लिटरला पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारला, तर आठवड्याच्या आत रंग पालटतो. फरशीवर उडू देऊ नये. तांबूस डाग पडतात आणि ते पुढे सहजी निघत नाहीत.

तण हा पाण्याच्या हिशोबाचा आरसा असतो. लव्हाळा माजला की समजावे जमीन सतत ओली आहे आणि निचरा नाही. तो उपटून काही साधत नाही, कारण खाली गाठींची साखळी तशीच राहते. पाळ्या लांबवून आणि हरळी दाट करूनच तो मागे हटतो. हुमणी या किडीचे मात्र तसे नाही. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, मातीत अंडी घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या मुळे कुरतडू लागतात. भर पावसाळ्यात लॉनचा एखादा भाग वाळावा, तिथे साळुंक्या-कावळ्यांनी उकराउकर करावी, आणि हाताने ओढताच गवत मुळांशिवाय सुटून यावे, ही हुमणीची लक्षणे. अशा वेळी पाणी देणे म्हणजे कापलेल्या दोरीला गाठ न मारता ओढत राहणे. माती उकरून अळ्या वेचाव्यात, आणि पुढच्या जूनमध्ये झाडाखाली दिवा व खाली रॉकेल-पाण्याचे घमेले ठेवून भुंगेरेच पकडावेत. गावातला ऊस आणि भुईमूगवाला हेच करतो.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने प्रश्न उलटा होतो. तिथे पाणी द्यायचे नसते, काढून द्यायचे असते. लॉनला घरापासून बाहेर हलका उतार आणि कडेला चर नसेल तर जुलैत शेवाळ धरते आणि ऑगस्टात हिरवळीला कुजका वास येतो. जांभ्याच्या जमिनीतून मात्र पाणी इतके लवकर ओसरते, की नोव्हेंबरपासून तिथलाही उन्हाळा सुरू झाल्यासारखाच असतो.

आता राहिला मे महिना. बारमाही हिरव्या चौकोनाची कल्पना ज्या देशातून आली तिथे बाराही महिने थोडाफार पाऊस पडतो. अठराव्या शतकातल्या इंग्लिश जमीनदारांच्या वाड्यांपुढे ती रुजली. मेंढ्या चारून आणि कोयत्याने कापून ती राखणे हेच श्रीमंतीचे प्रदर्शन होते, आणि थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली रिकामटेकड्या श्रीमंत वर्गावर लिहिलेल्या पुस्तकात हिरवळीला त्यातच गणले. आपल्याकडे ती आली छावणीतल्या बंगल्यांतून आणि जिमखान्यांतून. मराठी घराला अंगण होते शेणाने सारवलेले, मागे परसबाग. वाड्याला फरसबंद चौक होता. ताजमहालाच्या बागेतली आजची सपाट हिरवळसुद्धा कर्झनच्या काळातली आहे. मोगली चारबागेचा थाट फळाफुलांच्या झाडांचा होता. म्हणजे कडक उन्हाळ्यातला अखंड हिरवा रंग ही गवताची गरज कधीच नव्हती, ती पाहणाऱ्याच्या नजरेची आहे. तिचे मोल कुणीतरी मोजतेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागत होते, त्याच महिन्यात मैदानांच्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला. अमेरिकेत नेवाडा राज्याने २०२१ साली कायदाच केला. दक्षिण नेवाडात कार्यालयांपुढची, रस्त्याकडेची, जिच्यावर कुणी पायही ठेवत नाही अशी शोभेची हिरवळ २०२६ नंतर कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर जगवता येणार नाही. स्वतंत्र घरांना त्यातून वगळले आहे.

याचा अर्थ घरी लॉन लावूच नये असा नाही. मुलांना लोळायला, म्हाताऱ्यांना अनवाणी चालायला, पावसाचे पाणी जमिनीत मुरायला आणि भिंतीची झळ कमी व्हायला हिरवळीइतकी सोयीची दुसरी जमीन नाही. सिमेंटचे ठोकळे बसवून पाणी वाचवणाऱ्याने उष्णता विकत घेतलेली असते. प्रश्न आकाराचा आहे. ज्या हिरवळीवर रोज कुणीतरी बसते तेवढीच ठेवावी. दोनशे-अडीचशे चौरस फुटांना उन्हाळ्यात दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर लागतात, आणि तेवढे धुण्याभांड्यांचे शेवटचे खळखळीचे पाणी बऱ्याच घरांत निघते. साबणाचे पहिले पाणी नको, त्यातला सोडियम चिकणमातीला दगडासारखी करतो. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचे पाणी वापरायचे तर तेही अधूनमधून साध्या पाण्याच्या एखाद्या मोठ्या पाळीने धुवून काढावे लागते.

पाणी अगदीच तुटपुंजे असेल तर मार्चअखेरीपासून पाळ्या लांबवत न्याव्यात आणि हरळीला झोपू द्यावे. खत बंद, कापणी बंद, शक्यतो पायही कमी. या अवस्थेत दोन-तीन आठवड्यांनी दहा-बारा मिलिमीटर पाणी पुरते. पान हिरवे होत नाही, पण गवताचे खोड आणि काशा जिवंत राहतात. मधेच घाबरून चार दिवस भरपूर पाणी देऊन तिला जागे करायचे आणि पुन्हा तोडायचे, हे सर्वांत वाईट, कारण जागे होताना साठवलेले अन्न खर्ची पडते आणि दुसऱ्यांदा उठायला काही उरत नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की वाळकी पाने एकदाच खाली कापून झाडून घ्यावीत, भोके पाडून वर चाळलेले शेणखत द्यावे, आणि जिथे टक्कल दिसेल तिथे कडेच्या दाट हरळीचे ठोंब काढून चार-सहा इंचांवर टोचावेत. जुलै निम्मा होईस्तोवर जागा भरते. जिथे तोवरही भरत नाही तिथे बहुधा आंब्याची किंवा भिंतीची सावली असते. दिवसाला सहा तास ऊन न मिळणाऱ्या जागी हरळी धरत नाही, आणि तिथे रुंद पानांचे सावलीतले गवत लावावे, नाहीतर नुसता मुरूम दाबून बाक ठेवावा.